आपल्या ओतूरला आलेल्या सावित्रीबाई

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलुखाला इतिहासाचा मोठा वारसा आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी आपली गावे वसली आहेत. १६३० साली त्या गडावर जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्मले, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे त्यांनी देह ठेवला, हेही आपण मुलांना सांगतो. परंतु याच मुलुखात, १८७७ सालच्या भयंकर दुष्काळात, पुण्याहून एक बाई आली, खेडोपाडी फिरली, कलेक्टरसाहेबासमोर उभी राहिली आणि तुरुंगात अडकलेली माणसे सोडवून गेली, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? त्या बाई म्हणजे सावित्रीबाई फुले. त्यांचे नाव आज सर्वांच्या ओठी आहे. त्यांचा ओतूरशी असलेला संबंध मात्र आपणच विसरलो आहोत. मंडळाच्या वर्धापनदिनी तो आठवावा, आणि त्या निमित्ताने त्यांचे सारे आयुष्यच एकदा डोळ्यांखालून घालावे, म्हणून हा लेख.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. घर शेतकऱ्याचे, पाटीलकीचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लागले. नवरदेव तेरा वर्षांचे. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या काळी मुलीच्या हाती पाटी दिली तर घरावर अरिष्ट येते, अशी समजूत होती.

जोतीरावांची आई ते लहान असतानाच वारली होती. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या विधवा बाईंनी. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. तिथे राहून त्यांना थोडे इंग्रजी समजू लागले होते. जोतीरावांना शिक्षणाची गोडी लागावी, ही त्यांचीच तळमळ. जोतीरावांनी पुढे घरच्या दोघींना, सगुणाबाईंना आणि सावित्रीबाईंना, मुळाक्षरांपासून शिकवले. महात्मा फुल्यांचे चरित्र आपण वाचतो तेव्हा या सगुणाबाई एका ओळीत येऊन जातात. त्या नसत्या तर पुढचे काय झाले असते, याचा विचार आपण करीत नाही.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. मुलींना शिकवायला बाई हवी, आणि बाई शिक्षिका तर कुठे मिळेना. सतरा वर्षांच्या सावित्रीबाईच मग शिक्षिका झाल्या. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण, चिखल, खडे टाकीत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत. शाळेत गेल्यावर घाण झालेले बदलीत आणि शिकवायला बसत. भगिनींनो, ही हकीकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. परंतु हे लुगडे रोज संध्याकाळी घरी नेऊन धुवावे लागत होते, वाळवावे लागत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ही गोष्ट आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायांनाच खरी समजेल. धैर्य एका दिवसाचे असते तर ते सोपे असते. हे धैर्य रोजच्या धुण्याइतके रोजचे होते.

लोकांनी सासऱ्यांचे कान भरले. अखेर १८४९ साली नवराबायकोला घराबाहेर पडावे लागले. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्या काळात सावित्रीबाईंच्या जोडीला फातिमा शेख होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावास गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना जे पत्र पाठवले, त्यात फातिमाची आठवण आहे. आपण नसल्यामुळे सारा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला भाव आहे. दुखण्याने अंथरुणावर पडलेल्या बाईला सखीच्या कष्टाची काळजी वाटते, यावरून त्या दोघींच्या मैत्रीची कल्पना येते.

शाळा वाढत गेल्या. १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ साली वेताळ पेठेत. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मोठा समारंभ होऊन सरकारने जोतीरावांना शालजोडी दिली. तो मान योग्यच होता. मात्र रोज फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या खांद्यावर काही ती शाल पडली नाही. या शाळांचे फळ पाहायचे असेल तर मुक्ता साळवे हिच्याकडे पाहावे. मांग समाजातल्या या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. स्वतः सावित्रीबाईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह १८५४ साली निघाला. अक्षरओळख नसलेली नवरी चौदा वर्षांत कवयित्री झाली होती.

सावित्रीबाईंच्या हातून झालेले याहूनही अवघड काम पुढेच आहे. त्या काळी ब्राह्मणादी वरिष्ठ जातींत लहान वयात विधवा झालेल्या मुलींची फार दैना होती. घरातल्या किंवा ओळखीतल्या पुरुषाने फसवले, दिवस गेले, की त्या मुलीपुढे विहीर तरी उरे, नाही तर जन्मलेल्या मुलाचा गळा. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण विधवा स्वयंपाकाला होती. तिच्यावर असाच प्रसंग आला. तिने मूल मारले, आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. ज्याने फसवले तो मोकळा राहिला. या घटनेने फुले पतिपत्नींचे काळीज हलले आणि १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती लावल्या.

जाहिरात लावणे सोपे. पुढचे काय? रात्री-अपरात्री दार वाजणार. दारात भेदरलेली, पोट लपवीत आलेली, कुणाचा विश्वास नसलेली मुलगी. तिला घरात घ्यायचे, न्हाऊ घालायचे, बाळंतपण करायचे, शेक द्यायचा, मूल रडले तर रात्र जागवायची. हे सर्व सावित्रीबाईंनी केले. स्वतःला मूल नव्हते. १८८४ सालापर्यंत ३५ विधवा या घरात बाळंत झाल्या. इथे येण्यापूर्वी गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे त्यांची बहुतेक मुले वाचली नाहीत. जी वाचली त्यांपैकी एक यशवंत. १८७४ साली काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला सावित्रीबाई-जोतीरावांनी दत्तक घेतले, आणि पुढे डॉक्टर केले.

माहेरी असतानाही त्यांचा हात थांबत नसे. १८६८ साली नायगावात गणेश नावाचा पोथीपुराण सांगणारा एक ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले. ती गरोदर राहिली. गाव खवळले, दोघांना मारीत वेशीपर्यंत नेले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. नंतर त्यांची रवानगी पुण्याला जोतीरावांकडे केली. हे त्यांनी पत्रातून कळवले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाचा पहिला विवाह लागला, भटजीवाचून, हुंड्यावाचून. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा ही सावित्रीबाईंची मैत्रीण बाजूबाई निंबणकर यांची मुलगी. लग्नाचा खर्च सावित्रीबाईंनी सोसला. नव्या विचारांच्या सभा पुष्कळ भरतात, पण आपली मुलगी त्या विचाराने उजवायची वेळ येते तेव्हा भल्याभल्यांचे पाय मागे सरतात. बाजूबाईंचे पाय सरले नाहीत. समाज काय म्हणेल याची पहिली झळ मुलीच्या आईलाच लागते, हे आपण जाणतोच.

आता ओतूरकडे येऊ.

१८७६ साली पावसाने दगा दिला. दख्खनमध्ये आधीच शेतकरी सावकारी कर्जाने पिचलेला होता. सारा रोख पैशात भरायचा, त्यासाठी कर्ज काढायचे, आणि कर्जापायी जमीन घालवायची. या जाचाला कंटाळून १८७५ साली सुप्यापासून पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी दंगे केले होते, सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्यावर वर्ष उलटले आणि दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण मजुरी अपुरी, आणि बाईची मजुरी पुरुषाहून कमी. पोटाला मात्र सर्वांच्या सारखीच भूक.

पुण्याहून ओतूरला यायचे तर खेड, मंचर, नारायणगाव हा आपला नेहमीचा रस्ता. आज एस. टी. त बसले की काही तासांत उतरतो. तेव्हा बैलगाडीचा साठेक मैलांचा प्रवास, आणि तोही अशा वर्षी की बैलालाच वैरण नव्हती. सत्यशोधक समाजाने दुष्काळ निवारणासाठी गावोगाव समित्या नेमल्या होत्या. त्या कामासाठी ४६ वर्षांच्या सावित्रीबाई ओतूरला येऊन राहिल्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या तालुक्याचे त्या वर्षीचे एका बाईने पाहिलेले चित्र त्यात आहे.

माणसे चिंतातुर, जनावरे धरणीवर कोसळत आहेत, चारापाणी नाही. लोक झाडपाला खाऊन दिवस काढीत आहेत. पोरेबाळे, म्हातारीकोतारी मागे ठेवून किंवा बरोबर घेऊन माणसे गाव सोडून चालली आहेत. चैत्र-वैशाखातली आपली उन्हे, आटलेली मांडवी, आणि या रस्त्यांनी निघालेली माणसे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना धीर देत होते, धान्याची तजवीज करीत होते. त्यातच सावकारांनी अडलेल्यांना नाडायला सुरुवात केली, आणि दंगे उसळले.

कलेक्टर आले, पोलीस आले. पन्नास सत्यशोधकांना धरून नेले. कलेक्टरांनी सावित्रीबाईंना भेटीला बोलावले. ही वेळ कशी होती ते लक्षात घ्या. १८५७ ला जेमतेम वीस वर्षे झालेली. समोर गोरा साहेब, भोवती बंदूकवाले शिपाई. जोतीराव जवळ नाहीत. अशा वेळी कोणीही बाई घाबरली असती आणि कोणी तिला दोष दिला नसता. सावित्रीबाईंनी साहेबालाच विचारले, की चांगल्या माणसांवर खोटे आरोप ठेवून त्यांना का धरले आहे, त्यांना ताबडतोब सोडा. कलेक्टर मनाचा न्यायी होता. त्याने शिपायांनाच खडसावले, माणसे सोडून दिली, आणि लोकांची दशा पाहून चार गाड्या ज्वारी पाठवून दिली.

याच पत्रात आणखी एक लहानशी गोष्ट आहे, आणि आपल्या दृष्टीने ती मोठी आहे. भाऊ कोंडाजी आणि त्यांची पत्नी उमाबाई हे आपली चांगली काळजी घेतात, असे सावित्रीबाईंनी लिहिले आहे. बस्स, एवढेच. पण थांबून विचार करावा. दुष्काळाचे वर्ष. घरात पुण्याची पाहुणी. ती दिवसभर उन्हातून फिरून येणार. तिला तांब्याभर पाणी द्यायचे, ते पाणी कुठून तरी डोक्यावरून आणायचे. भाकरी थापायची, तीही अशा वेळी की दाराशी उपाशी माणसे उभी आहेत. नवऱ्याचे काम चळवळीचे म्हणून आल्यागेल्याचा राबता. पन्नास माणसे धरली गेली, तेव्हा त्या पन्नास घरांतल्या बाया कुणाच्या दाराशी रडत आल्या असतील? हे सारे उमाबाईंसारख्या बायांनी निभावले. सभेच्या वृत्तांतात त्यांची नावे नाहीत, सरकारी दप्तरात नाहीत. उमाबाईंचे नाव राहिले ते एवढ्याचसाठी, की त्यांच्या घरी उतरलेल्या बाईला लिहिता येत होते आणि आपल्यासाठी खपणाऱ्या बाईचे नाव लिहावे असे तिला वाटले.

मुलींना अक्षर का शिकवायचे, याचे अनेक लाभ आपण सांगतो. हिशेब कळतो, पत्र वाचता येते, नोकरी लागते. सावित्रीबाईंच्या या एका ओळीने आणखी एक लाभ दाखवला. शिकलेली बाई न शिकलेल्या बाईचे नाव जगात राखू शकते.

ओतूरने तो ऋणानुबंध जपला. पुढे याच गावच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरची लग्ने भटजीवाचून लावली. गावच्या जोशांनी दक्षिणेसाठी फिर्याद केली, आणि ते प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. १८८५ साली जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा निर्धार केला, त्यामागेही सत्यशोधकांचे बळ होते. १८७७ मध्ये पेरलेले वाया गेले नव्हते.

त्याच १८७७ साली पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुलांना रोज भाकरी खाऊ घालण्याचे काम फुले पतिपत्नींनी केले.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढले. दोन वर्षे त्यांची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. आर्थिक ओढाताण फार होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी दत्तक यशवंताला टिटवे धरू देण्यास हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे हाती घेतले, त्या प्रेताच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाईने स्मशानात पाय ठेवायचा नाही, अशा काळातली ही गोष्ट.

पुढे त्या घरी बसल्या नाहीत. समाजाचे काम त्यांनी चालवले आणि १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. डॉ. यशवंतांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या हातांनी लोकांची लेकरे जगात आणली, त्याच हातांनी एक लेकरू वाहून आणताना त्यांचे आयुष्य संपले.

यानंतर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. डॉ. यशवंत १९०५ साली वारले. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंवर हलाखीची वेळ आली, राहते घर विकावे लागले आणि अखेर पुण्याच्या रस्त्यावर निराधार अवस्थेत त्यांचा अंत झाला. ज्या घराने परक्या मुलींना आसरा दिला, त्या घरच्या सुनेला आसरा मिळाला नाही. सावित्रीबाईंचे नावही बराच काळ जोतीरावांच्या पत्नी एवढेच उरले. १९३९ साली शांताबाई बनकर यांनी त्यांचे छोटे चरित्र लिहिले. त्यांची पत्रे, कविता शोधून डॉ. मा. गो. माळी यांनी त्यांचे समग्र वाङ्मय संपादित केले, ते १९८८ साली प्रसिद्ध झाले. १९९८ साली टपाल तिकीट निघाले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ३ जानेवारीला शाळाशाळांतून त्यांच्या फोटोला हार घातला जातो.

हार जरूर घालावा. परंतु भगिनींनो, सावित्रीबाई आता उपेक्षित राहिल्या नाहीत. उपेक्षित राहिल्या त्या उमाबाई, बाजूबाई, सगुणाबाई, चंद्रभागाबाई. क्रांतीचा काळ म्हटला की आपल्याला सभा, मोर्चे, तुरुंग दिसतात. त्यामागची चूल, पाण्याची घागर आणि बाळंतिणीची खोली दिसत नाही. ते काम आपण रोज करतो, म्हणूनच त्याचे मोल आपल्यालाही वाटेनासे होते.

तेव्हा या वर्धापनदिनी मंडळातील प्रत्येक भगिनीने एक काम अंगावर घ्यावे. आपल्या घरातली, आळीतली एखादी वृद्ध बाई शोधावी. स्वातंत्र्याच्या चळवळीत तिच्या आजीने कुणाला घरात लपवले असेल, १९७२ च्या दुष्काळात तिने स्वतः खडी फोडली असेल, धरणात गाव गेले तेव्हा कुणी संसार पाठीवर घेऊन नवीन घर मांडले असेल. तिच्याजवळ बसून ते ऐकावे आणि तिच्या पूर्ण नावानिशी वहीत लिहून ठेवावे. अमक्याची आई, तमक्याची बायको असे न लिहिता तिचे स्वतःचे नाव लिहावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशी दहा नावे जरी छापली गेली, तरी ओतूरहून पत्र लिहिणाऱ्या त्या माउलीचे ऋण आपण थोडेसे फेडले, असे होईल.